नाव ठेवणारे, नाव विचारणारे

पुण्यात २००४ साली स्पॅनिश शिकायला लागले तेव्हा आमचं पाठ्यपुस्तक स्पेनमधलं होतं. त्यातल्या एका धड्यात शेताचं चित्र होतं. शेतावर गुटगुटीत जनावरं आणि प्रत्येकाखाली एकेक नाव. डुक्कर म्हणजे 'सेर्दो', टर्की म्हणजे 'पाबो', चिमणी म्हणजे 'गोर्र्योन'. मी इमानेइतबारे पाठ केली. त्या भांडवलावर पुढे पशुखाद्याची, लसींची, गोठ्यातल्या यंत्रांची माहितीपत्रकं मराठीत आणायचं काम मिळालं, आणि तीन वर्षं ते बरं चाललंही.

चौथ्या वर्षी अर्जेंटिनातली कोंबड्या पाळण्यावरची एक पुस्तिका हाती आली. रात्री खुराड्यात शिरून 'कोमाद्रेखा' अंडी आणि पिल्लं फस्त करते, असा त्यात इशारा होता. स्पेनमध्ये छापलेल्या माझ्या कोशात कोमाद्रेखा म्हणजे विझल, सडपातळ, चपळ, मुंगसासारखा दिसणारा प्राणी. मी 'मुंगसासारखा प्राणी' लिहून मोकळी झाले. दोन पानांनंतर त्याच कोमाद्रेखाच्या पोटाला पिशवी निघाली आणि पिशवीत पिल्लं! इथे तरी थांबायला हवं होतं. पण काम उद्याच्या उद्या द्यायचं होतं. 'पिल्लांना पोटाशी धरून हिंडते' अशी सारवासारव केली आणि पुस्तिका छापून गेली.

चूक कळली ती नंतर दोन वर्षांनी, अर्जेंटिनातल्या एंत्रे रीओस प्रांतात. ज्या शेतावर उतरले होते तिथल्या मालकीणबाई बाटलीने एका कोकराला दूध पाजत बसल्या होत्या. मी मुंगसाची गोष्ट सांगितली तर हसता हसता त्यांच्या हातातली बाटली सांडली. अर्जेंटिनातली कोमाद्रेखा म्हणजे ओपॉसम. स्पेनहून आलेल्यांना तो प्राणी पहिल्यांदा दिसला तेव्हा त्यांनी घरचं, ओळखीचं नाव काढून त्याला चिकटवलं होतं. आणि ते कोकरू? आईवेगळ्या कोकराला तिकडे 'ग्वाचो' म्हणतात. केचुआ भाषेत पोरक्याला, गरिबाला जो शब्द आहे त्यावरून. माणसाला ग्वाचो म्हटलं तर ती शिवी होते, हेही बाईंनी लगेच सांगून ठेवलं.

त्या रात्री मी वही घातली. एका पानावर एक प्राणी, आणि नावासमोर ते कुठे ऐकलं, कुणाकडून ऐकलं याची नोंद. अर्थात पहिलं पान ओपॉसमचं. मेक्सिकोत तो 'त्लाक्वाचे', ग्वातेमालात 'ताक्वासीन', पेरूत 'मूका'. व्हेनेझुएलात 'राबिपेलादो', म्हणजे सोललेल्या शेपटीचा, आणि हे नाव ज्याने ठेवलं त्याने प्राणी नीट पाहिला होता हे कबूल करायला हवं. कोलंबियात 'चूचा'. हा शब्द चिलीत चारचौघांत उच्चारायचा नसतो. तो मी उच्चारला. बाकी वर्णन करत नाही.

आज त्या वहीला सोळा-सतरा वर्षं झाली. मागची पानं उलटताना दिसतं की नोंदींचे दोनच ढीग पडतात. काही नावं ठेवलेली आहेत, काही विचारलेली.

ठेवलेल्या नावांचा ढीग जुना आहे. १४९२ नंतर जहाजांतून उतरलेल्या माणसांपुढे जे आलं त्याला त्यांनी आपल्याकडचे शब्द बहाल केले. प्यूमाला 'लेओन' म्हणजे सिंह म्हटलं, जग्वारला 'तिग्रे' म्हणजे वाघ. चिलीतला मेंढपाळ आजही 'लेओनने मेंढरू नेलं' असं सांगतो, आणि व्हेनेझुएलाच्या गवताळ मुलखात जग्वार अजून तिग्रेच आहे. गोंझालो फेर्नांदेझ दे ओविएदोने १५२६ साली इंडीजच्या निसर्गावर छोटेखानी पुस्तक काढलं. हा प्राणी खरंच वाघ आहे का, अशी शंका त्याने तेव्हाच घेतली होती. पण तोवर शब्द रुळला होता. आपण त्यांना हसायचं कारण नाही. सह्याद्रीतल्या कितीतरी गावांत नुसतं 'वाघ आला' म्हटलं की तो बिबट्या असतो, आणि खऱ्या वाघाला 'पट्टेरी' किंवा 'ढाण्या' असं विशेषण लावून ओळख पटवावी लागते.

विशेषण लावायची ही पाळी मूळ मालकावर यावी, याची माझ्या वहीतली दोन आवडती उदाहरणं आहेत. 'पाबो' हा शब्द लॅटिनमधून आला आणि मुळात तो मोराचा. मेक्सिकोतून टर्की स्पेनला पोचली, पिसारा फुलवून दाखवू लागली आणि तो शब्द बळकावून बसली. मग मोराला 'पाबो रेआल' म्हणजे राजेशाही पाबो व्हावं लागलं. स्वतःच्याच नावाला शेपूट! दुसरं उदाहरण पाराग्वायचं. ग्वारानी भाषेत 'याग्वा' म्हटलं की आज कुत्रा समजतात. पूर्वी तो शब्द जग्वारचा. पाहुण्यांबरोबर आलेल्या कुत्र्यांकडे तो गेला आणि जंगलातला जग्वार 'याग्वारेते' झाला, म्हणजे अस्सल याग्वा.

म्हणजे नावं ठेवण्यात एकटे स्पॅनिश लोक नव्हते. मेक्सिकोतल्या नावात्ल भाषकांपुढे घोडा आला तेव्हा त्यांनी त्याला हरणाचा शब्द दिला. मेंढीला दिला कापसाचा. लोकर पाहिल्यावर दुसरं काय सुचणार? प्यूमाला त्यांच्याकडे 'मिस्त्ली' म्हणतात, म्हणून जहाजातून उतरलेलं मांजर 'मिस्तोन', छोटा प्यूमा. एका बाजूला प्यूमाचा सिंह होत होता, त्याच वेळी दुसऱ्या बाजूला मांजराचा प्यूमा होत होता. मला यात नावात्ल बाजू जास्त विनोदी वाटते, आणि बरोबरही.

टर्कीचं पान वहीत सर्वांत गचाळ झालंय, कारण त्यात जागाच उरली नाही. मेक्सिकोत 'ग्वाखोलोते', ग्वातेमालात 'चोंपीपे', क्यूबात 'ग्वानाखो', कोलंबियात 'पिस्को'. अमेरिकेबाहेर तर आनंदीआनंद. इंग्रजांना हा पक्षी तुर्कस्तानचा वाटला, तुर्कांनी त्याला 'हिंदी' म्हटलं आणि पोर्तुगीज भाषेत तो 'पेरू'. वास्तविक पेरू देशाशी त्याचा संबंध नाही. गोव्यात साडेचारशे वर्षं राज्य केलेल्यांच्या भाषेत पेरू पिसं उपटून शिजवायचा असतो, आणि मराठीत तो मीठ-तिखट लावून खायचा.

विचारलेल्या नावांच्या ढिगात मला दोन माणसं भेटली. पहिला फेलिक्स दे आसारा, स्पॅनिश लष्करी अभियंता. स्पेन आणि पोर्तुगालच्या हद्दी आखायला त्याला १७८१ साली दक्षिण अमेरिकेत पाठवलं. पोर्तुगीज अधिकारी वर्षानुवर्षं फिरकलेच नाहीत. वाट पाहता पाहता हा गडी पाराग्वायचे पशुपक्षी बघू लागला. हाताशी ग्रंथालय नव्हतं, त्यामुळे ग्वारानी माणसांना विचारून नावं टिपायची हाच मार्ग उरला. १८०१ साली तो परतला, आणि १८०२ पासून माद्रिदमध्ये त्याचे चतुष्पादांवरचे आणि पक्ष्यांवरचे खंड निघाले. 'आग्वारा ग्वासू' या लांब पायांच्या लांडग्यासारखी कितीतरी ग्वारानी नावं त्यात जशीच्या तशी आहेत. पुस्तकं हाताशी नसल्याचा इतका फायदा झालेला दुसरा अभ्यासक मला ठाऊक नाही. माझ्याकडे तेव्हा कोश नसता तर मीही मुंगूस लिहिलं नसतं.

दुसरा हुआन इग्नासिओ मोलिना, चिलीचा जेझुइट. १७६७ साली स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकललं, तेव्हा त्यालाही देश सोडावा लागला. इटलीत, बोलोन्यात राहून त्याने १७८२ मध्ये चिलीचा निसर्गेतिहास लिहिला, तोही इटालियनमध्ये. 'कोइपो' हे पाणउंदराचं मापुचे नाव त्याच्यामुळे शास्त्रीय नावात कायमचं गेलं. पण 'वेमूल' नावाच्या डोंगरी हरणाला त्याने शास्त्रीय वर्गवारीत घोड्याच्या कुळात बसवलं, दुभंगलेल्या खुरांचा घोडा म्हणून! तिकडे नावात्ल लोक घोड्याला हरीण म्हणत होते, इकडे शास्त्रज्ञ हरणाला घोडा. वेमूल १८३४ पासून चिलीच्या राजमुद्रेवर कोंडोरसमोर उभा आहे.

पाळीव जनावरांची पानं वेगळ्या तऱ्हेची आहेत. ही जनावरं स्पेनहून शब्दासकट आली, तरी एका डुकराची नावं मोजताना बोटं पुरत नाहीत. सेर्दो, प्वेर्को, कोचीनो, मार्रानो. अर्जेंटिना-चिलीत आणि अँडीजमध्ये 'चान्चो', जे बहुधा सांचो या माणसाच्या नावावरून पडलं. 'मार्रानो'च्या मुळाशी 'निषिद्ध' अशा अर्थाचा अरबी शब्द आहे. स्पेनमध्ये धर्मांतर केलेल्या ज्यूंना हिणवायला तो वापरला गेला. कोलंबियातला शेतकरी तोच शब्द मनात काही न ठेवता बाजारात ओरडतो. मला मात्र तो लिहिताना अजून जड जातं आणि मी शक्यतो टाळते.

घोड्यांच्या रंगांसाठी चार पानं राखून ठेवली होती, ती अपुरी पडली. ओबेरो, तोबियानो, सायनो, तोर्दिल्यो, गातेआदो... आपल्याकडे अबलख, कुमैत, पंचकल्याणी होते. बैलांत ढवळ्या-पवळ्या आहेत. १९२५ साली एमे चिफेली नावाचा स्विस शिक्षक ब्युनोस आयर्सहून निघाला आणि १९२८ मध्ये न्यूयॉर्कला पोचला, दोन क्रिओल्यो घोड्यांवरून. एकाचं नाव मांचा म्हणजे डाग, दुसऱ्याचं गातो म्हणजे मांजर. घोड्याला मांजर कशाला म्हणतील, याचा मी बराच काळ विचार केला. तो गातेआदो रंगाचा होता, पिवळसर अंगावर गडद पट्टे, एवढंच.

२०१० मध्ये स्पॅनिश भाषेच्या अकादमींनी मिळून अमेरिकेतल्या शब्दांचा कोश काढला. सत्तर हजारांवर नोंदी. मी तो अधाशासारखा घेतला, आणि माझी निम्मी वही त्यात आधीच होती म्हणून थोडी हिरमुसलेही. आता चुका कमी होतात. थांबत नाहीत.

सर्वांत लाजिरवाणी चूक हमिंगबर्डची. त्याला चिलीत 'पिकाफ्लोर', मेक्सिकोत 'चुपार्रोसा' म्हणजे गुलाब चोखणारा, क्यूबात त्याच्या पंखांच्या आवाजावरून 'सुनसून', इक्वेडोरमध्ये 'किंदे'. हे सगळं वहीत असताना एका बालपुस्तकाच्या अनुवादात मी सरळ 'शिंजीर' लिहिलं. मुलांना ओळखीचं वाटावं, हा बहाणा. शिंजीर आपला सूर्यपक्षी; दोघांच्या कुळांचा काही संबंध नाही. ओविएदोच्या काळातल्या खलाशांनी केलं तेच मी केलं, फक्त त्यांना विचारायला वेळ नव्हता आणि मला होता. कोस्टा रिकात हमिंगबर्डला 'गोर्र्योन' म्हणतात हे कळलं तेव्हा पाठ्यपुस्तकातली ती चिमणी आठवली. त्यांनीही ओळखीचंच नाव काढलं होतं. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत मी शिंजीर काढून 'कोलिब्री' केलं.

जग्वारच्या पानावरची शेवटची नोंद अशी आहे. ब्युनोस आयर्सच्या उत्तरेला, पाराना नदीच्या मुखप्रदेशात 'तिग्रे' नावाचं शहर आहे. पूर्वी तिथे जग्वार मारले जात, त्यांच्यावरून ते नाव पडलं. आता तिथे जग्वार नाही. तिथून बऱ्याच उत्तरेला, कोरिएंतेस प्रांतातल्या इबेराच्या पाणथळीत, सुमारे सत्तर वर्षांच्या खंडानंतर जानेवारी २०२१ मध्ये एक मादी आणि तिची दोन पिल्लं सोडली. तिथली माणसं त्यांना याग्वारेते म्हणतात.