थोडा माल, भागीतली गाडी: बिल्टी नीट पाहूनच पाठवा



डाळिंबाच्या पहिल्या तोड्याला कुणाचे 20 क्रेट निघतात, कुणाचे 30. एवढ्यासाठी वाशीला स्वतंत्र पिकअप करणं परवडत नाही. समजा पिकअपचं भाडं 6,000 रुपये आणि तुमचे क्रेट 25, म्हणजे क्रेटला 240 रुपये झाले. तेच 180 क्रेटची मोठी गाडी 9,000 रुपयांत चौघा-पाचजणांनी मिळून केली, तर क्रेटला 50 रुपये. तुमचे 1,250 रुपयांत भागतं.

पण हा हिशोब गाडी पूर्ण भरली तरच. 120 च क्रेट जमले तर तोच दर 75 वर जातो. रिकाम्या जागेचं भाडं कोण देणार हे भरणीच्या आदल्या दिवशीच ठरवा. गाडी दारात उभी राहिल्यावर त्यावरून वाद नको. सोबत ढोबळी मिरची असेल तर भाडं वजनावर लावू नका, क्रेटवर लावा. ढोबळी हलकी असते, पण जागा तेवढीच खाते.

आता बिल्टीचं. बरेचजण ती खिशात घालतात आणि विसरतात. रस्ते माल वाहतूक कायदा 2007 आणि त्याखालचे 2011 चे नियम यांनुसार माल हरवला किंवा खराब झाला तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहा पटीपर्यंतच असते. म्हणजे तुमचे 25 क्रेट, 500 किलो, 90 रुपये भावाने 45,000 चा माल; पण भाडं 1,250, म्हणून भरपाई फार तर 12,500. भागीत भाडं कमी बसतं, तशी ही मर्यादाही खाली येते, हे कुणी सांगत नाही. महाग माल असेल तर बुकिंग करतानाच खरी किंमत लिहायला लावा आणि जादा जोखमीचा दर विचारा. तो दर भरला तरच मर्यादा वाढते. गाडी गेल्यावर काही होत नाही.

नुकसान झालंच तर दावा लावण्याआधी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, तीही बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत. फोनवर भांडलेलं त्यात धरलं जात नाही.

म्हणून प्रत्येक क्रेटला नाव, गाव, गाळा नंबर आणि 7/25 असा आकडा लिहिलेलं कार्ड तारेने बांधा. खडूने लिहिलेलं दवाने पुसलं जातं. भरलेल्या थप्पीचा फोटो ग्रुपवर टाका. जो गाळा आधी लागणार त्याचा माल शेवटी चढवा, नाहीतर पहाटे दुसऱ्याचे क्रेट उतरवून तुमचे शोधत बसतील. क्रेट कमी भरले तर "3 क्रेट कमी" असं बिल्टीवर लिहूनच सही करायला अडत्याला आजच सांगून ठेवा.

आणि मेथी-कोथिंबीर पिकलेल्या टोमॅटो-केळीसोबत एका गाडीत देऊ नका. पिकत्या फळाच्या वायूने पाला पिवळा पडतो.

ज्यांना पुढच्या गाडीत जागा हवी त्यांनी माल, क्रेट आणि गाळा नंबर आज संध्याकाळपर्यंत ग्रुपवर लिहा. क्रेटचा आकडा अंदाजे नको, तोडा बघून टाका.