गणिताच्या बाईंनी विणलेली चिप

सप्टेंबर 2025 मध्ये ‘विक्रम’ या भारतीय चिपचं दिल्लीत कौतुक झालं आणि नंतर बरेच दिवस ती बातम्यांतून हटायला तयार नव्हती. साणंद आणि धोलेऱ्याचे चिप-कारखाने, सबसिडी, तैवान हे सगळं आपण इतकं वाचलंय की चिप म्हटलं की आता गुजरातचा नकाशाच समोर येतो. म्हणून आज एका वेगळ्या चिपबद्दल. ती लोकरीची आहे.

1994 साली इंटेलने मेरिलू शुल्त्झ यांच्याकडून पेंटियम प्रोसेसर विणून घेतला. मूळवासी अमेरिकन तरुणांना विज्ञान आणि अभियांत्रिकीकडे वळवणाऱ्या एका संस्थेला तो भेट द्यायचा होता. शुल्त्झ या नवाहो जमातीच्या, म्हणजे त्यांच्याच भाषेत ‘दिने’. घरात पिढ्यान् पिढ्या माग, आणि पेशाने त्या गणिताच्या शिक्षिका. 2024 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत हा गालिचा लागला होता. लांबून पाहणाऱ्याला ती एखादी पारंपरिक नक्षीच वाटते. चिप जाणणाऱ्या अभियंत्याला मात्र तिच्यात प्रोसेसरचे वेगवेगळे विभाग ओळखता येतात. गंमत म्हणजे 1994 मध्येच पेंटियम भागाकारात चुकतो हे उघडकीला आलं आणि इंटेलला 47.5 कोटी डॉलर मोजावे लागले. चिप गणितात नापास झाली, ती विणणाऱ्या बाई नाही.

हे विणणं म्हणजे काय प्रकरण आहे, ते मागाजवळ गेल्याशिवाय कळत नाही. नवाहो माग ही एक उभी चौकट असते. तिच्यावर ताण्याचा एकच अखंड धागा वरून खाली, खालून वर असा आठच्या आकड्यात फिरवतात. त्यामुळे विणून झाल्यावर कात्री लावावी लागत नाही आणि कापडाच्या चारही कडा बंद राहतात. धोटा नसतो. जिथे जो रंग हवा, तेवढ्याच ताण्यांतून त्या रंगाचा धागा बोटांनी न्यायचा, उलट फिरवायचा आणि लाकडी फणीने ठोकून बसवायचा. येवल्याचा विणकर पैठणीच्या पदरावर मोर काढतो, तेव्हा तत्त्व हेच असतं. म्हणूनच दोन्हीकडे कापड उलटसुलट सारखं दिसतं.

खरी परीक्षा शेवटी. विणकाम खालून वर सरकत जातं, ताणा आवळत जातो आणि धागा घालायची फट बारीक होत जाते. मग जाड पट्टी टाकून पातळ पट्टी घ्यायची, तीही शिरेना झाली की छत्रीची काडी आणि सगळ्यात शेवटी दाभण. शेवटच्या बोटभर पट्टीवर विणकराचा जीव मेटाकुटीला येतो. आणि ती पट्टी बाकीच्या कापडापेक्षा वेगळी दिसता कामा नये.

नक्षी बहुतेक वेळा कागदावर नसते, डोक्यात असते. तिरकी रेघ किती तिरकी हवी, हे किती ओळींनंतर एक ताणा सरकायचं यावर ठरतं. डावीकडे जे मोजलं तेच उजवीकडे मोजायचं. चिपमध्ये ही सोयही नाही, कारण तिचं डावं अंग उजव्यासारखं नसतंच. न्यू मेक्सिकोतल्या टू ग्रे हिल्सच्या डेझी टॉगलची या विणकर एका इंचात बाण्याचे शंभराहून अधिक धागे बसवत. तेही रंगवलेल्या लोकरीचे नव्हेत, बहुतांशी मेंढीच्याच करड्या, तपकिरी, पांढऱ्या लोकरीचे. 2004 मध्ये त्यांचं विणकाम अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आलं.

आता चिपच्या गोष्टीतला नावडता भाग. नवाहो बायका आणि चिप यांची गाठ इंटेलने घातलेली नाही. फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही सिलिकॉन व्हॅलीतली नामांकित कंपनी 1965 मध्येच नवाहो भूमीवर, शिपरॉकला आली. तिथल्या कामगारांत बहुसंख्य नवाहो बायका होत्या. 1969 च्या कंपनीच्या पुस्तिकेत गालिचा आणि चिप यांची सांगड घालून सांगितलं होतं, की या बायकांची बोटं अशा कामाला जणू जन्मतःच तयार असतात. 1975 मध्ये कामगारकपातीनंतर आंदोलकांनी कारखान्याचा ताबा घेतला आणि कंपनीने गाशा गुंडाळला.

लिसा नाकामुरा या संशोधिकेने 2014 मध्ये ही पुस्तिका पुन्हा उजेडात आणली. त्यांचं म्हणणं साधं आणि झोंबणारं आहे. कौशल्य जातीजमातीच्या रक्तात आहे असं एकदा म्हटलं, की ते शिकायला लागलेली वर्षं हिशेबात धरावी लागत नाहीत. उपजत गोष्टीला पगार कशाला? मला हे वाचल्यापासून हस्तकलेच्या माहितीपत्रकातला ‘निसर्गदत्त’ हा शब्द दिसला की अंगावर काटा येतो.

‘अस्सल परंपरा’ या शिक्क्याचंही तसंच. ॲरिझोनातल्या गेनाडो गावचा प्रसिद्ध गडद लाल रंग लोरेन्झो हबेल या व्यापाऱ्याच्या आग्रहाने रुजला, कारण पूर्वेकडच्या गिऱ्हाइकांना तो दिवाणखान्यात हवा होता. एके काळी व्यापारी हे गालिचे पौंडावर, वजन करून घेत. त्याआधी, 1864 मध्ये, अमेरिकन लष्कराने दिने लोकांना शेकडो मैल चालवत छावणीत नेलं. त्यांच्या मेंढ्या मारल्या, फळबागा तोडल्या. चार वर्षांनी ते परतले, आणि पुढे त्यांच्या हाती गिरणीत काढलेली, रासायनिक रंगांची जर्मनटाउन लोकर आली. तिच्यातून त्यांनी असे भडक, थरथरणारे चौकोन काढले की जाणकारांनी नाकं मुरडली. आज तेच तुकडे संग्रहालयांत आहेत.

शुल्त्झ यांची भाची मेलिसा कोडी नेमकी तीच जर्मनटाउनची रंगसंगती उचलते. 1983 चा जन्म, म्हणजे व्हिडिओ गेमवर वाढलेली पिढी. तिच्या कामात पायऱ्यापायऱ्यांचे जुने चौकोन पडद्यावरच्या पिक्सेलसारखे झगमगतात. वडिलांच्या पार्किन्सन्सवरच्या उपचारांवरही तिने विणलंय. 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस-वनमध्ये तिचं मोठं प्रदर्शन झालं. याच्या अगदी उलट टोकाला डी. वाय. बेगे या नवाहो विणकर. वनस्पती आणि किडे यांच्यापासून काढलेले रंग, त्यांत भूमितीच्या कडा जवळपास विरघळलेल्या. आडव्या पट्ट्यांमधून ॲरिझोनातलं पठार हळूहळू उजळताना दिसतं. मला स्वतःला बेगे जास्त भावतात. कोडीचे रंग काही वेळाने डोळ्यांना टोचू लागतात, पण बहुधा तिला तेच हवं असावं.

बाजाराचं मात्र विचारू नका. 2012 मध्ये एकोणिसाव्या शतकातलं एक नवाहो ब्लँकेट कॅलिफोर्नियातल्या लिलावात 18 लाख डॉलरला गेलं. ते विणणारीचं नाव कोणालाच ठाऊक नाही. दुसऱ्या टोकाला नकला. नवाहो नक्षीच्या स्वस्त दऱ्या मेक्सिकोत विणल्या जातात आणि आपल्याकडेही. 1990 च्या अमेरिकन कायद्यानुसार मूळवासींनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं गुन्हा आहे, तरी ऑनलाइन दुकानं ‘नवाहो स्टाइल’ लिहून मोकळी होतात.

आपल्या विणकरांना यात चोर ठरवणं सोपं आहे आणि चुकीचंही. दऱ्या आणि गालिच्यांच्या धंद्यात नक्षी निर्यातदार देतो, मजुरी तोच ठरवतो, आणि लेबलावर विणकराचं नाव नसतं. शिवाय आपल्या गालिचा व्यवसायातही चपळ बोटांची तीच कहाणी सांगितली जायची, आणि ती मुलांना मागावर बसवण्यासाठी. बारीक गाठी लहान बोटांनाच जमतात म्हणे. 1990 च्या दशकात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी झालेल्या अभ्यासाने हा दावा तपासला. बारीक गाठींचं कामही मोठी माणसं तितकंच चांगलं करतात, असं त्यात आढळलं.