फाइल ‘सेव्ह’ झाली, पण नक्की कुठे?

थर्ड इयर कॉम्प्युटरच्या ‘एसपीओएस’चं प्रॅक्टिकल असो की प्लेसमेंटचा इंटरव्ह्यू, ‘सिस्टिम कॉल म्हणजे काय?’ हा प्रश्न ठरलेलाच. नाशिकमधल्या पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांतही वेगळं चित्र नाही. तक्ता सगळ्यांना पाठ असतो. लिनक्समध्ये ओपन, रीड, राइट, क्लोज. विंडोजमध्ये क्रिएटफाइल, रीडफाइल, राइटफाइल, क्लोजहँडल. मॅक युनिक्सच्याच घराण्यातला, त्यामुळे नावं लिनक्ससारखीच.

थोडं खोलात गेलं की गंमत सुरू होते. विंडोजचं क्रिएटफाइल नावाला ‘क्रिएट’, पण आधीपासून असलेली फाइलही तेच उघडतं. लिनक्सचं राइट किती बाइट्स लिहिले तो आकडा देतं, चुकलं तर उणे एक. विंडोजचं राइटफाइल फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगतं, आकडा वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवतं.

आता खरा प्रश्न. राइटने ‘झालं’ म्हटलं आणि त्याच क्षणी लाइट गेली. डेस्कटॉपला यूपीएस नाही. डेटा वाचेल?

खात्री नाही! तिन्ही सिस्टिम्समध्ये डेटा आधी रॅममधल्या कॅशमध्ये जातो, डिस्कवर नंतर. लिनक्समध्ये हे ‘नंतर’ अर्ध्या मिनिटावरही जाऊ शकतं. त्यात सी भाषेतलं एफप्रिंटएफ वापरलं असेल, तर डेटा त्याही आधी लायब्ररीच्या बफरमध्ये थांबतो. तिथून एफफ्लश त्याला फक्त ओएसपर्यंत पोचवतं.

डिस्कपर्यंत न्यायला वेगळा कॉल लागतो. लिनक्सवर एफसिंक, विंडोजवर फ्लशफाइलबफर्स. मॅकवर मात्र सावध राहा! तिथेही एफसिंक आहे, पण ते डेटा ड्राइव्हकडे देऊन मोकळं होतं, ड्राइव्हची स्वतःची कॅश रिकामी करायला सांगत नाही. त्यासाठी एफसीएनटीएल कॉलला ‘एफ फुलएफसिंक’ हा पर्याय द्यावा लागतो. म्हणजे नाव तेच, हमी वेगळी.

मग प्रत्येक ओळीनंतर एफसिंक टाकायचं का? नाही, प्रोग्रॅम रडतखडत चालेल. डेटाबेस सहसा हे काम कमिटच्या वेळी करतात. तुमच्या प्रोजेक्टमध्ये हजेरी, बिल, मार्क असं काही साठवत असाल तर तुम्हीही तेच करा, आणि कॉलने परत दिलेलं उत्तर तपासा.

लिनक्स असेल तर आजच आपला प्रोग्रॅम ‘एसट्रेस’ टूलमधून चालवून बघा. राइट दिसेलच. एफसिंक दिसतंय का?