क्षत्रबलाक : एका पक्ष्याची नावे

पेडणे व डिचोली तालुक्यांतील पाणथळ भातशेतांतून कधी कधी एक थोराड पक्षी संथ पावले टाकताना दिसतो. पाठ काळी, पोट पांढरे, डोके व मान जवळजवळ उघडी, चोच जाडजूड. मराठी पक्षिग्रंथ त्यास 'लहान क्षत्रबलाक' म्हणतात. 'बलाक' म्हणजे बगळ्यासारखा पक्षी; परंतु या बेडूकखाऊ जिवाच्या नावात क्षत्रिय कोठून शिरला?

त्याचे मूळ इंग्रजी लष्करात आहे. पलटणीच्या प्रमुखास साहाय्य करणारा अधिकारी तो 'ॲडज्युटंट'. कवायत केल्यागत ताठपणे चालणारा हा पक्षी पाहून इंग्रजांनी तेच नाव त्यास दिले. 'क्षत्रबलाक' हा त्याच कल्पनेला चढविलेला संस्कृत पोशाख असावा, असे आम्हांस वाटते.

याच्या थोरल्या भावास बंगाल-आसामात 'हाडगिला' म्हणतात. मराठीतील 'हाड' व 'गिळणे' अथवा आमच्या कोकणीतील 'हाड' व 'गिळप' ज्यास ठाऊक आहे, त्यास याचा अर्थ सांगणे नको! तो मेलेली जनावरे खातो, हाडेही गिळतो. 19व्या शतकात कलकत्त्याच्या रस्त्यांवरची घाण तो साफ करी. तेथील महापालिकेच्या जुन्या मानचिन्हावर त्याची जोडी होती. आपल्या शेतांतला धाकटा मात्र मासे, बेडूक, खेकडे यांवर राहतो. त्याच्या गळ्याखाली थोरल्यासारखी पिशवीही लोंबत नाही. त्याला हाडगिळा म्हणणे म्हणजे एकाची खोड दुसऱ्याच्या माथी मारणे होय.

शास्त्रज्ञांनी त्यास 'लेप्टोप्टिलोस जावानिकस' म्हटले. पहिल्या ग्रीक शब्दात नाजूक पिसांचा उल्लेख आहे. दुसऱ्यात जावा बेटाचा, कारण हॉर्सफील्ड यांनी 1821 साली तेथील पक्ष्याचे वर्णन केले. पेडण्याच्या शेतातला पाहुणा असा जावाचा रहिवासी ठरला!

नावाने पक्ष्याचे काय बरेवाईट होते? आसामातील दादरा गावी लोक हाडगिल्यास ओंगळ व अपशकुनी मानीत, त्याच्या घरट्यांची झाडे तोडीत. पूर्णिमादेवी बर्मन यांनी तेथील स्त्रियांना एकत्र केले. त्या आता स्वतःस 'हाडगिला फौज' म्हणवितात आणि मागावर त्याच पक्ष्याची आकृती विणतात. शब्द तोच राहिला, त्यातली किळस तेवढी गेली.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या गावी शेतात राबलेल्या वृद्धांना या पक्ष्याचे नाव विचारा. त्यांनी नुसते 'ढोक' म्हटले, तरी ते गावाच्या नावासह वहीत टिपून ठेवा.