एडीएचडी असलेल्या मुलांची नोकरी टिकावी म्हणून

मुलाखतीत ही मुलं बहुधा छान बोलतात. उत्साह असतो, डोकं चटकन चालतं. नोकरी लागते, घरात पेढे वाटले जातात. दोन-तीन महिन्यांत तक्रारी सुरू होतात: उशिरा येतो, मेलला उत्तर देत नाही, रिपोर्ट अर्धाच ठेवलाय. प्रोबेशन संपायच्या आत कंपनी नारळ देते, नाहीतर मुलगाच एका भांडणानंतर राजीनामा टाकून घरी येतो. एवढी हुशारी असून असं का व्हावं, हे आईवडिलांना उमगत नाही.

कळतं, पण वळत नाही

एडीएचडी हा मेंदूच्या वाढीशी निगडित विकार आहे आणि तो लहानपणीच सुरू होतो. २०१३ साली आलेल्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेनुसार काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. वय वाढतं तशी पळापळ, चुळबुळ कमी होते आणि घरच्यांना वाटतं, गेलं एकदाचं. पण कामाला हात घालणं, वेळेचा अंदाज येणं, कंटाळा आणि राग आवरणं यांतल्या अडचणी पुष्कळांच्या बाबतीत तशाच राहतात. मुलींमध्ये चुळबुळ बऱ्याचदा कमीच दिसते, त्यामुळे अनेकींचं निदान थेट नोकरीच्या वयात होतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी यातली मुख्य गोष्ट वारंवार मांडली आहे. काय करायचं हे या माणसांना माहीत असतं. माहीत असलेलं ऐन वेळी हातून होत नाही. म्हणून रात्री जेवताना केलेला उपदेश दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ऑफिसात उपयोगी पडत नाही. मदत काम अडतं त्या जागी आणि त्या घटकेला हवी.

टेबलापाशी काय करता येतं

सुरुवात वेळेपासून करावी. ‘साडेनऊला पोचायचं’ हा गजर निरुपयोगी आहे. ‘आठ वाजून दहा मिनिटांनी चप्पल घालायची’ हा गजर हवा. टेबलावर काट्यांचं घड्याळ ठेवलं, तर वेळ सरताना डोळ्यांना दिसते.

तोंडी सूचना हा मोठा खड्डा. साहेबांनी जाता जाता सांगितलेलं काम वळणापलीकडे पोचेपर्यंत डोक्यातून गेलेलं असतं. तिथेच वहीत लिहावं आणि जागेवर आल्यावर दोन ओळींचा मेल टाकावा: ‘तुम्ही सांगितलेली कामं ही, पहिलं गुरुवारपर्यंत देतो. बरोबर ना?’ माझ्या मते एवढी एकच सवय लागली तरी निम्म्या तक्रारी थांबतील, कारण साहेबांचा रोष बऱ्याचदा चुकीपेक्षा विसरण्यावर असतो.

‘महिनाअखेर रिपोर्ट’ ही मुदत फार लांबची आहे. आज फक्त आकडे गोळा करायचे आणि संध्याकाळी ते कुणाला तरी दाखवायचे, अशी जवळची मुदत लागते. दाखवायला माणूस असणं महत्त्वाचं. टाइमशीट, प्रवासाची बिलं यांसारखी रटाळ कामं शुक्रवारी दुपारी एखाद्या सहकाऱ्याशेजारी बसून उरकावीत. नुसती सोबत असली तरी अनेकांचा हात चालतो. गोंगाट असेल तर हेडफोन किंवा कोपऱ्यातली जागा मागायला हरकत नाही.

साहेबांना सांगायचं का?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे केवळ निदानाच्या कागदावर भिस्त ठेवू नये. निदानाचं नाव न घेताही गरज सांगता येते: ‘ऐकलेलं माझ्या लक्षात राहत नाही, लिहून पाठवाल का?’ पुढे विश्वास बसला की बाकीचं सांगावं. सांगायचं की नाही, हा निर्णय मुलाचा किंवा मुलीचाच. पालकांनी साहेबांना परस्पर फोन करणं तर पूर्ण टाळावं. उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला आहे.

औषधाचं वेळापत्रक

एडीएचडीसाठी दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेटच्या साध्या गोळीचा परिणाम काही तासच टिकतो, तर अ‍ॅटोमॉक्सेटिनचा गुण यायला काही आठवडे लागतात. म्हणून शिफ्ट कधीची, प्रवास किती, कठीण काम कोणत्या वेळी, हे मानसोपचारतज्ज्ञांना सविस्तर सांगावं. मिथाइलफेनिडेट हे नियंत्रित औषध आहे; चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि सगळ्या मेडिकलमध्ये ठेवतही नाहीत. शेवटची गोळी संपेपर्यंत थांबू नका. डॉक्टर कुठे शोधायचे इथपासून प्रश्न असेल, तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

घरच्यांचा वाटा

रोज सकाळी बाबांनी हाका मारून उठवलं की मुलगा वेळेवर पोचतो. बाबा गावाला गेले की लेटमार्क. हाकांची जागा हळूहळू गजराने, मित्राच्या फोनने घ्यायला हवी. रविवारी अर्धा तास सोबत बसा. आठवड्यात काय काय आहे ते त्याला सांगू द्या, तुम्ही फक्त विचारा. आणि ‘आळशी’, ‘बेजबाबदार’ हे शब्द घरातून कायमचे जाऊ द्या. ही मुलं ते शाळेपासून ऐकत आलेली असतात, म्हणूनच साहेबांचा साधा शेराही त्यांना खोल लागतो.

राजीनाम्याची घाई

मन शांत असताना एक करार करून ठेवा: राजीनामा लिहायला हरकत नाही, पण दोन रात्री गेल्याशिवाय पाठवायचा नाही, आणि त्याआधी ठरलेल्या एका माणसाला फोन करायचा. काही नोकऱ्या मात्र खरोखरच मानवत नाहीत. दिवसभर एका जागी बसून आकडे भरण्यात खचणारी मुलगी हॉटेलच्या किचनमध्ये, फील्डवर किंवा दुरुस्तीच्या कामात, जिथे केलेलं संध्याकाळपर्यंत समोर दिसतं, तिथे रमू शकते. आधीच्या नोकरीतले कोणते तास बरे गेले, हे तिच्याकडून समजून घ्या. सोडायचंच ठरलं, तर पुढचं ऑफर लेटर हाती आल्यावर, नोटीस पिरियड भरून आणि रिलीव्हिंग लेटर घेऊन.