कवच टाकलेली गोगलगाय

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. पौर्णिमेची पंधरावी तिथी, म्हणजे सव्वाअकराला भरती आणि सव्वापाचच्या सुमारास ओहोटी. कातळावरच्या डबक्यांत डोकावायचं ते याच वेळी.

आधी काहीच दिसत नाही. पाच-दहा मिनिटं उकिडवं बसून राहा. मग शेवाळाचाच एक तुकडा सरकू लागतो. ही एलिसिया, समुद्री गोगलगाय. ती शेवाळातला रस शोषते, पण त्यातलं हरितद्रव्य बाळगणारे कण पचवत नाही, अंगात साठवते. तिचा हिरवा रंग असा उसना. तिचे काही भाऊबंद तर आणखी बिलंदर: समुद्रफुलांच्या जातकुळीतले प्राणी खातात आणि त्यांच्या दंशपेशी न फुटू देता स्वतःच्या पाठीवरच्या बोटांत भरून ठेवतात. चोरीचं हत्यार, आणि तेही चालू स्थितीत!

ओळखायचं कसं? डोक्यावर शिंगांची जोडी पाहा. वास घेण्याचं काम तिचं. अनेक जातींत पाठीमागे कल्ल्यांचा तुराही असतो. कागदासारखं पातळ, ना खरी शिंगं, ना तुरा, असं काही दिसलं तर तो बहुधा चपटा कृमी. रंगावर मात्र विसंबू नका, काही चपटे कृमी रंगांच्या बाबतीत समुद्री गोगलगायींची हुबेहूब नक्कल करतात.

फोटो वरून आणि बाजूने असे दोन घ्या. दगड उलटलात तर होता तसाच परत ठेवा. खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात.