रोबोट व्हॅक्यूम घेताय? मॉडेल नंतर बघा, आधी घरातली फरशी बघा

दिवाळीचे सेल जवळ आले की मित्रांचे मला ठरलेले मेसेज येतात. दोन लिंक आणि खाली एक ओळ: "यातला कुठला घेऊ?" बहुतेकांना रोबोट स्वतःसाठी नको असतो, आई-बाबांसाठी हवा असतो. आईचे गुडघे दुखतात, वाकून झाडू मारणं जमत नाही, आणि कामाच्या मावशी सुट्टीवर असल्या की सगळं तिच्याच अंगावर येतं.

मी उलट विचारतो, "घरात फरशी कुठली आहे?" त्यावर दोन मिनिटं शांतता. मग उत्तर येतं, "अरे, साधी फरशी आहे."

खरी अडचण इथेच आहे. आपण पुण्यातल्या गुळगुळीत टाइल्सच्या फ्लॅटमध्ये बसून ऑर्डर देतो, आणि रोबोट जातो कराड किंवा नाशिकच्या जुन्या घरी. तिथे हॉलमध्ये मोझॅक, स्वयंपाकघरात कोटा, मागच्या पडवीत शहाबादी आणि प्रत्येक दाराला उंबरठा असतो. आपल्या फ्लॅटमध्ये मस्त चाललेलं मॉडेल तिथे दर दहा मिनिटांनी अडकतं. आठवडाभर त्याला उचलून-उचलून आई कंटाळते, पंचवीस हजारांचं यंत्र कपाटावर जातं आणि झाडू परत तिच्याच हातात येतो. म्हणून हा लेख ब्रँडबद्दल नाही, फरशीबद्दल आहे.

जाहिरातीतला पास्कलचा आकडा

रोबोटच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात काय असतं? ५,००० पास्कल, १०,००० पास्कल, २०,००० पास्कल. पास्कल हे दाबाचं एकक आहे. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण १,०१,३०० पास्कल असतो, आणि त्याच्या तुलनेत मोटर किती कमी दाब निर्माण करू शकते, ते हा आकडा सांगतो.

गोम अशी की हा जास्तीत जास्त दाब हवेचा रस्ता बंद असताना मिळतो. नळाच्या तोंडावर बोट ठेवलं की प्रेशर जोरात जाणवतं, पण बादली काही भरत नाही. बादली भरायला प्रवाह लागतो. तसंच कचरा उचलायला हवेचा प्रवाह लागतो, आणि तो आकडा खोक्यावर क्वचितच छापलेला असतो.

मग पास्कलला इतका भाव का? रूम्बा पहिल्यांदा २००२ साली अमेरिकेत विकायला आला. तिथल्या बऱ्याच घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असतं. कार्पेटच्या धाग्यांत रुतलेली धूळ ओढून काढायला ताकद लागते. आपल्याकडे धूळ फरशीवर नुसती पडलेली असते. ती उचलायला अचाट ताकद नको, ब्रश नीट टेकायला हवा आणि एकही कोपरा सुटता कामा नये. आपल्या कडक फरशीवर ४,०००–५,००० पास्कलच्या पुढचा फरक मला तरी जाणवलेला नाही. त्याच्या वरचे पैसे नकाशा बनवण्यावर आणि पोछ्यावर घाला.

व्हिट्रिफाइड टाइल्स: सोपी फरशी, पण डाग लपत नाहीत

नव्या फ्लॅटमध्ये बहुतेक हीच असते. ही टाइल वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही, त्यामुळे पोछा बिनधास्त चालवा. इथे दोन गोष्टी त्रास देतात. एक म्हणजे चकचकीत टाइलवर पोछ्याचे पट्टे दिसतात. नुसतं ओलं फडकं मागे ओढत नेणारा रोबोट धूळ पसरवतो. दोन गोल फिरणारे पॅड किंवा सतत धुतला जाणारा रोलर असेल तर फरशी खरंच पुसली जाते.

दुसरी म्हणजे बाजूचा फिरता ब्रश. गुळगुळीत फरशीवर तो रवा, तांदूळ, रांगोळी गोळा करायच्या ऐवजी लांब उडवतो. म्हणून कडक फरशीवर त्याचा वेग कमी करणारं किंवा अ‍ॅपमधून वेग ठरवू देणारं मॉडेल बघा. आणि रांगोळीच्या दिवशी आधी फक्त सक्शन, पोछा नंतर. दोन्ही एकदम लावलंत तर रांगोळीचा चिखल होतो.

मोझॅक, कोटा, शहाबादी: जुन्या घरांची फरशी

ही तीन नावं आपण एका दमात घेतो, पण रोबोटसाठी तिन्ही वेगळ्या आहेत. मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये दगडाची खडी घालून घासलेली लादी. पॉलिश शाबूत असेल तर ती व्हिट्रिफाइडसारखीच वागते. पॉलिश गेलं असेल तर ती पाणी पिते, मग पोछ्याचं पाणी मध्यम ठेवा. पॉलिश केलेला कोटाही रोबोटला सोपा.

शहाबादीचं तसं नाही. घरात ती बिनपॉलिशची, खडबडीत असेल, सांधे रुंद असतील आणि दोन फरश्या एका पातळीत नसतील, तर पोछ्याचं पॅड कडांना अडकतं आणि लवकर झिजतं. अशा भागात फक्त सक्शन ठेवा. सांध्यांमधली माती काढायला थोडी जास्त ताकद इथे मात्र उपयोगी पडते. ज्या घरात बहुतेक खोल्या शहाबादीच्या आहेत, तिथे महागड्या पोछ्याचे पैसे वाया जातात. साधं, मोठ्या चाकांचं, नीट नकाशा बनवणारं मॉडेल पुरतं.

मार्बल आणि वूडन: इथे नुकसान फरशीचं होतं

मार्बल, कोटा, शहाबादी आणि कडप्पा या चारही दगडांत मुख्यतः चुना असतो, आणि चुन्याचं आम्लाशी वैर आहे. लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनरचा थेंबसुद्धा पॉलिश खातो आणि पांढरट डाग पडतो, जो पुसून जात नाही. व्हिडिओमध्ये कोणी टाकीत व्हिनेगर घालायला सांगत असेल तर या फरश्यांवर ते करू नका. ग्रॅनाइट त्या मानाने दणकट.

फ्लॅटमधलं "वूडन फ्लोअरिंग" बहुतेक वेळा लॅमिनेट असतं, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला थर आणि वर लाकडाचं चित्र. सांध्यात पाणी गेलं की कडा फुगतात, आणि फुगलेली कड परत बसत नाही. इथे एकच गोष्ट तपासा: पाणी पंपाने नियंत्रित होतं की नुसतं ठिबकत राहतं? नुसतं ठिबकणारं मॉडेल मध्येच बंद पडलं तर त्याच जागी पाणी सोडत बसतं. पंपवाला रोबोट घ्या, पाणी सगळ्यात कमी ठेवा, आणि ओलं पॅड लावून त्याला लॅमिनेटवर उभं करून ठेवू नका. भाड्याचं घर असेल तर डिपॉझिट लक्षात असू द्या!

काळी फरशी: रोबोटला वाटतं पुढे खड्डा आहे

हा मुद्दा फार कमी लोक सांगतात. जिन्यावरून पडू नये म्हणून रोबोटच्या पोटाखाली सेन्सर असतात. ते खाली इन्फ्रारेड प्रकाश सोडतात. प्रकाश परत आला तर फरशी आहे, नाही आला तर पुढे पायरी आहे, असा हिशोब. गडद काळा रंग हा प्रकाश शोषून घेतो. मग काळा कडप्पा, काळा ग्रॅनाइट किंवा काळ्या-पांढऱ्या चौकटीची मोझॅक बघून काही रोबोट थबकतात आणि मागे फिरतात. दारात काळ्या ग्रॅनाइटची पट्टी असेल तर ती उंचीला नगण्य असूनही आतली खोली झाडायची राहते.

सगळ्याच मॉडेलमध्ये असं होत नाही, म्हणून काळी फरशी असेल तर परत करायची मुदत असेपर्यंत पहिल्याच दिवशी तिथे चालवून बघा. सेन्सरवर पांढरा कागद चिकटवायची युक्ती इंटरनेटवर फिरते. घरात जिना किंवा उतरती पायरी असेल तर ती अजिबात करू नका, रोबोट सरळ खाली पडेल.

सतरंजी, चटई, पायपुसणं

महाग मॉडेलमध्ये ध्वनिलहरींनी कार्पेट ओळखायची सोय असते. कडक फरशीवरून आवाज जोरात परततो, कार्पेटमध्ये तो जिरतो. कार्पेट लागलं की रोबोट पोछा काही मिलिमीटर वर उचलतो. पण पातळ सतरंजी अनेकदा ओळखली जात नाही, ती गोळा होते आणि तिच्या दशा ब्रशला गुंडाळतात. गोधडी, चटई आणि पायपुसण्याच्या जागी अ‍ॅपमध्ये "जाऊ नको" असा चौकोन आखून ठेवा. जाड गालिचा असेल तर पोछा उचलूनही धागे ओले होऊ शकतात, तेव्हा त्या खोलीला फक्त सक्शन.

घरात लांब केस असतील तर नुसत्या केसाळ ब्रशपेक्षा रबरी रोलर बरा, त्यात गुंता कमी होतो.

उंबरठा: खरी परीक्षा

बरेचसे रोबोट साधारण २ सेंमी उंची चढतात. काही नवीन महाग मॉडेल ४ सेंमी किंवा त्याहून जास्त चढतात. जुन्या लाकडी उंबरठ्याला दोन्ही कमी पडतात. तिथे दोनच मार्ग: दोन्ही बाजूंना उतरती पट्टी, किंवा रोबोट उचलून दुसऱ्या खोलीत ठेवणं. ज्यांना वाकायचंच नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग मोजू नका. मोरी आणि बाल्कनी खोलगट असेल तर नकाशातून वगळा.

टाकीत काय घालायचं?

टाकी साधारण पाव लिटरच्या आसपास असते, त्यामुळे पाण्याची कंजुषी नको. बोअरचं जड पाणी गडद फरशीवर पांढरे ठिपके सोडतं आणि बारीक नळ्यांमध्ये क्षार साठवतं. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याने आपण फरशी पुसतो, ते बादलीसाठी ठीक, पण रोबोटच्या टाकीत घालू नका. त्यात क्षार आणखी जास्त असतात. फिनाईलही नको. कंपनीने सांगितलेलं लिक्विड किंवा नुसतं गोडं पाणी. आणि पावसाळ्यात दारातून आलेलं पाणी रोबोटने ओढू देऊ नका. फिल्टर भिजला की वास येतो आणि मोटर बिघडू शकते.

ऑर्डर देण्याआधी फोनने करायची १५ मिनिटांची तपासणी

रोबोट ज्या घरी जाणार आहे त्या घरी हे करा, किंवा व्हिडिओ कॉलवर भावंडांकडून करून घ्या.

१. कव्हर घातलेला फोन साधारण १ सेंमी जाड असतो. असे दोन फोन एकावर एक ठेवून उंबरठ्याला लावा. उंबरठा त्याहून उंच असेल तर साधा रोबोट चढणार नाही.

२. पलंग आणि सोफ्याखालची उंची मोजा. वर लेझरचा गोल घुमट असलेले रोबोट सहसा ९–१० सेंमी उंच असतात.

३. प्रत्येक खोलीच्या फरशीचा फोटो काढा. काळी फरशी, रुंद सांधे, सतरंजी यावर खूण करा.

४. रात्री दिवे बंद करून फोनचा टॉर्च फरशीवर आडवा ठेवा. तिरप्या उजेडात धुळीचा प्रत्येक कण दिसतो. रोबोट आल्यावर हीच चाचणी परत करा. अ‍ॅपमधल्या "९८ टक्के पूर्ण" पेक्षा ती जास्त खरी.

५. डॉक ठेवायच्या जागी वाय-फाय पोचतं का, हे बघा. बहुतेक रोबोट २.४ गिगाहर्ट्झवरच जोडले जातात.

मग कुठला घ्यायचा?

सगळीकडे व्हिट्रिफाइड असेल तर चांगला पोछा आणि लेझर नकाशा यांवर खर्च करा. लॅमिनेट असेल तर पंपवाला, पोछा वर उचलणारा. मोझॅक आणि कोटा असेल तर मधल्या बजेटमधला कुठलाही लेझर नकाशावाला चालेल. शहाबादी आणि उंबरठे असतील तर आधी पट्ट्या बसवा, मग साधा सक्शनवाला घ्या.

आणि घर चार पायऱ्यांत विभागलेलं असेल, प्रत्येक खोलीला उंच उंबरठा असेल, किंवा जमीन शेणाने सारवलेली असेल, तर रोबोट घेऊच नका. त्याच पैशात हलका कॉर्डलेस व्हॅक्यूम आणि उभ्याने वापरायचा मॉप येतो. आईला वाकायला लागू नये, हा आपला मूळ हेतू होता. तो या दोन वस्तूंनीही पूर्ण होतो.